"मी काय मुद्दाम केलं का?" : टॉर्टचा कायदा, एका कुंडीवरून

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची कोरफडीची कुंडी थेट माझ्या स्कूटीवर पडली. दुपारचे चार, वारा सुटलेला, मी जिन्यात होते तर धप्पकन आवाज आला, खाली येऊन बघते तर आरसा तुटलेला, हेडलाइटच्या काचेचा चुरा, सीटवर ओली माती आणि फूटबोर्डवर कोरफड, मुळासकट. काकू वरून वाकून बघत होत्या. त्यांचं पहिलं वाक्य, "अगं बाई, लागलं नाही ना कुणाला?" आणि दुसरं, मी तोंड उघडायच्या आत, "मी काय मुद्दाम पाडली का गं?"

मी वकिली करते, त्यामुळे हे दुसरं वाक्य माझ्या रोज कानावर पडतं. ट्रकवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतो, महापालिकेचा इंजिनिअर म्हणतो, शाळेत दुसऱ्या पोराचा दात पाडून आलेलं पोरगंही हेच म्हणतं. आणि टॉर्ट नावाचा जो कायदा आहे त्यात जवळजवळ सगळी भांडणं ह्याच वाक्याभोवती फिरतात. मुद्दाम केलं असशील तर एक हिशोब, मुद्दाम नसेल केलं तर दुसरा हिशोब, पण "मुद्दाम नव्हतं" म्हटलं की विषय संपला असं होत नाही, एवढंच लोकांना माहीत नसतं.

टॉर्टला मराठी पुस्तकात अपकृत्य म्हणतात. बोलताना हा शब्द कुणी वापरलेला मी ऐकला नाही, कोर्टाच्या कँटीनमध्येही सगळे टॉर्टच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. अर्थ साधा आहे, तुमच्या वागण्याने दुसऱ्याचं नुकसान झालं, तुमच्यात करार वगैरे काही नव्हता, तरी ते भरून द्यायची जबाबदारी तुमची. गुन्हा वेगळा. समजा कुणी तुमच्या कानाखाली वाजवली. तुम्ही पोलीस चौकीत जाता, ते एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात, कागद हातात देतात आणि कोर्टात जा म्हणतात. तो गुन्ह्याचा रस्ता झाला, त्याच्या शेवटी मारणाऱ्याला दंड होईल, पण दंडाचे पैसे सहसा सरकारजमा, तुमचा गाल तसाच लाल. टॉर्टचा रस्ता म्हणजे तुम्ही स्वतः दिवाणी कोर्टात दावा लावायचा की मला भरपाई दे. एकाच थपडेवरून दोन्ही चालू शकतं. गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, भरपाईच्या दाव्यात पारडं तुमच्या बाजूला झुकलं तरी पुरतं, हा त्यातला मोठा फरक.

आणि हा कायदा एका पुस्तकात छापलेला नाही बरं का. करारांचा कायदा आहे, वाहनांचा आहे, टॉर्टचा असा कायदा संसदेने केलेलाच नाही. तो इंग्लंडच्या कोर्टांच्या निकालांतून आला, इंग्रजांच्या काळात आपल्या कोर्टांत रुजला आणि पुढे आपल्या न्यायाधीशांनी त्यात भर घातली. म्हणून हा विषय शिकताना कलमं पाठ करावी लागत नाहीत, गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मला तरी लॉ कॉलेजात हा एकच विषय आवडायचा, त्याचं कारण हेच.

तर आधी मुद्दाम केलेल्याचं बघू. काकूंनी माझ्यावरचा राग म्हणून कुंडी उचलून टाकली असती तर प्रश्नच नव्हता. पण कायद्यात "मुद्दाम" म्हणजे दुष्टपणाने असं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९५१ साली एक पावणेसहा वर्षांचा मुलगा होता, एक बाई बसायला गेल्या आणि ह्याने तिथली खुर्ची सरकवलेली, बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलाचं म्हणणं त्याला त्यांना पाडायचं नव्हतंच. वरच्या कोर्टाने सांगितलं, पाडायची इच्छा होती का हे सोडा, खुर्ची काढली त्या क्षणी त्याला त्या आता तिथे बसणार हे नक्की माहीत होतं का तेवढं बघा, माहीत असेल तर ते मुद्दामच. पुन्हा चौकशी झाली, माहीत होतं असं ठरलं आणि ११,००० डॉलर भरपाई लागली. आपण शाळेत किती जणांच्या खुर्च्या ओढल्यात आठवा.

अंगाला हात लावणं हे इंग्रजी कायद्यात बॅटरी, आणि हात न लावता आता हा मारणार अशी भीती समोरच्याच्या मनात उभी करणं ते असॉल्ट. आपण मराठीत दोन्हीला मारहाण, हल्ला असं काहीही म्हणतो पण ह्या दोन वेगळ्या चुका आहेत. १८३० ची एक केस आहे, गावकीच्या मीटिंगमध्ये वाद झाला, एक जण मूठ वळून अध्यक्षाच्या अंगावर धावून गेला, मधल्या माणसाने त्याला अडवलं म्हणून फटका बसला नाही. तरी असॉल्ट झाला, भरपाई एक शिलिंग. उलट त्याच्याही आधीची, १६६९ ची. भांडणात एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, न्यायाधीश गावात आलेले नसते ना, तर असलं बोलणं ऐकून घेतलं नसतं. कोर्ट म्हणालं हा असॉल्ट नाही, कारण न्यायाधीश गावात आहेत, म्हणजे मी आत्ता मारणार नाही असंच तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय! "तू माझा मेव्हणा नसतास ना तर दाखवलं असतं" हे आपल्याकडचं लग्नघरातलं वाक्य थेट ह्याच खात्यात जातं.

बॅटरीला इजा झालीच पाहिजे असं नाही, हे लोकांना पटत नाही. १७०४ पासूनचं तत्त्व आहे की रागाने केलेला नुसता स्पर्शही बॅटरी. लोकलमध्ये सकाळी साडेआठला जे होतं ते नाही, गर्दीतले धक्के सगळ्यांनी गृहीत धरलेले असतात. पण परवानगीशिवाय अंगाला हात नाही हा मूळ नियम आणि तो चांगल्या हेतूलाही लागू होतो. सुप्रीम कोर्टाची २००८ ची दिल्लीची केस बघा. एका ४४ वर्षांच्या बाईंनी दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. डॉक्टरांचं म्हणणं तेच योग्य उपचार होते. कोर्ट म्हणालं, असतीलही, पण पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर विचारता आलं असतं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, आईची संमती ही तिची संमती होत नाही, म्हणून हे कायद्याने असॉल्ट आणि बॅटरीच. डॉक्टरांची फी गेली आणि वर २५,००० रुपये भरपाई. रक्कम मला आजही लाजिरवाणी वाटते, पण तत्त्व पक्कं आहे. ऑपरेशनच्या आधी फॉर्मवर सही करताना वाचा काय लिहिलंय, आपण सगळे कुठे करू सही एवढंच विचारतो.

अन्यायाने डांबून ठेवणं हेही ह्यातच येतं. त्याला कुलूप, बेड्या लागत नाहीत. दुकानाच्या दारात गार्डने "बिल दाखवल्याशिवाय जायचं नाही" म्हणत तुम्हाला सगळ्या बाजूंनी अडवलं आणि त्याच्याकडे संशयाला काही आधारच नसेल तर तेवढा वेळही मोजला जातो. एक बाजू मोकळी असेल तर मात्र नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ पुलाचा एक भाग बोटींची शर्यत बघायला बसणाऱ्यांसाठी अडवला होता, एकाला तिथून पुढे जाऊ दिलं नाही, मागे फिरायची मोकळीक होती, १८४५ मध्ये कोर्टाने ही कैद नाही असं ठरवलं. आपल्याकडचं टोकाचं उदाहरण म्हणजे बिहारचे रुदुल साह, १९६८ मध्ये निर्दोष सुटले आणि तुरुंगातून बाहेर आले १९८२ मध्ये. मधली चौदा वर्षं कुणाला त्याचं काही पडलेलंच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये ३०,००० रुपये आणखी द्यायला लावले, आधीचे ५,००० धरून ३५,०००. सरकारविरुद्ध थेट घटनेच्या आधारे भरपाई मागता येते ही वाट ह्या केसने उघडली.

आता प्रँक व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एक. १८९७ चा निकाल, लंडनमध्ये एकाने गंमत म्हणून एका बाईला जाऊन सांगितलं की तुमच्या नवऱ्याला अपघात झालाय, दोन्ही पाय मोडलेत. सगळं खोटं. बाईंना असा धक्का बसला की आठवडेच्या आठवडे आजारी. अंगाला हात लावलेला नाही, तरी १०० पौंड भरावे लागले. आणि दिवाळीत जळता फटाका गर्दीत फेकणाऱ्यांसाठी १७७३ चा निकाल. भरल्या बाजारात एका पोराने पेटता फटाका टाकला, ज्याच्यापाशी पडला त्याने घाबरून उचलून पुढे फेकला, त्याच्या पुढच्याने आणखी पुढे, शेवटी तो एकाच्या तोंडावर फुटला आणि डोळा गेला. जबाबदार कोण? पहिला. मधल्यांनी जीव वाचवायला फेकला, साखळी पहिल्याचीच.

स्वतःचा बचाव, समोरच्याची संमती, मोठं नुकसान टाळायची निकड हे ह्यातले बचाव आहेत, पण बचाव म्हणजे बदला नव्हे आणि धक्क्याला धक्काच, कोयता नाही. बदनामीवर वेगळं लिहावं लागेल, व्हॉट्सॲप ग्रुपवाल्यांसाठी मुद्दाम.

आता काकूंकडे येते. त्यांनी मुद्दाम पाडली नव्हती हे मला शंभर टक्के मान्य. मग विषय येतो निष्काळजीपणाचा, फौजदारी कायद्याच्या मराठीत ज्याला हयगय म्हणतात. मला हयगय हाच शब्द जास्त आवडतो, त्यात आळस, दुर्लक्ष आणि "चलता है" सगळं येतं. इथे दावा लावणाऱ्याला चार गोष्टी दाखवाव्या लागतात, की माझी काळजी घ्यायचं तुझ्यावर बंधन होतं, तू ती घेतली नाहीस, त्यामुळेच हे झालं, आणि माझं खरोखर नुकसान झालं. चौथी इथे कळीची आहे. थप्पड मारली तर इजा नसली तरी दावा, पण कुंडी माझ्यापासून दोन फुटांवर पडून नुसती फुटली असती तर मी कितीही थरथरले तरी टॉर्टमध्ये मला काही मिळालं नसतं.

पहिल्या गोष्टीची गोष्ट प्रसिद्ध आहे, गोगलगायीची. स्कॉटलंडमधलं पेझली गाव, २६ ऑगस्ट १९२८. एक बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेल्या, मैत्रिणीने त्यांच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली, बाटली गडद रंगाची त्यामुळे आतलं दिसत नव्हतं, अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर त्यातून सडलेली गोगलगाय बाहेर आली, असं त्यांचं म्हणणं. पोट बिघडलं. अडचण अशी की बिल मैत्रिणीने दिलेलं, त्यामुळे ह्यांचा कॅफेशी करार नाही आणि कारखान्याशी तर नाहीच. त्या काळचे वकील सांगायचे की करार नाही तर हक्क नाही, घरी जा. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि १९३२ मध्ये तिथले न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन म्हणाले की शेजाऱ्यावर प्रेम कर हा धर्म आहे, कायद्यात त्याचा अर्थ एवढाच की शेजाऱ्याला इजा करू नकोस, आणि शेजारी म्हणजे ज्याला माझ्या वागण्याचा फटका बसेल हे मला आधी सुचायला हवं असा कुणीही. म्हणजे आपला शेजारधर्म, पण भिंतीला भिंत असायची अट काढून टाकलेला. तिसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंग आहे हे दिसतं ना, मग खालची मी काकूंची शेजारीण, मी राहते बी विंगमध्ये तरी. मजा म्हणजे त्या बाटलीत गोगलगाय खरंच होती का हे कधीच सिद्ध झालं नाही, तत्त्व ठरलं आणि पुढे पार्ट्यांनी तडजोड केली.

इथे एक कोपरा मात्र विचित्र आहे. ह्या कायद्यात अनोळखी माणसाला वाचवायचं बंधन सहसा नसतं, काठावर उभं राहून बघणारा नालायक ठरेल, जबाबदार ठरणार नाही. गाडी चालवणाऱ्याचं वेगळं, त्याच्या गाडीने अपघात झाला तर जखमीला मदत करणं त्याला कायद्याने भागच आहे. आणि रस्त्यावर मदतीला धावणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या झंझटीची भीती वाटते म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्याला संरक्षण दिलंय. म्हणजे उचला जखमीला, तुमच्यावर काही येत नाही.

काळजी घेतली की नाही हे ठरवायचं कसं, हा खरा मुद्दा. कोर्ट चारचौघांचं माप लावतं. तुम्ही स्वतः किती हुशार किंवा वेंधळे हे बघत नाहीत, त्या जागी चारचौघांसारखा सावध माणूस कसा वागला असता ते बघतात. १८३७ ची केस आहे, एका शेतकऱ्याने हद्दीजवळ गवताची गंजी रचली, पलीकडे शेजाऱ्याच्या झोपड्या. लोकांनी पाच आठवडे सांगितलं अरे गवत ओलसर आहे, आतून तापून पेट घेईल. हा म्हणाला बघू, घेतो रिस्क. गंजी पेटली, झोपड्या जळाल्या. कोर्टात वकिलाचा युक्तिवाद काय, तर माझा अशील फार बुद्धिमान नाही, त्याने त्याच्या अकलेप्रमाणे प्रामाणिकपणे केलं! कोर्टाने ऐकलं नाही. प्रत्येकाची अक्कल मोजत बसलो तर प्रत्येकाच्या पायाच्या मापाचा कायदा शिवावा लागेल, असा एकूण सूर.

पण चारचौघं काही देव नाहीत, ते प्रत्येक शक्यतेला घाबरत नाहीत. आमच्या सोसायटीत क्रिकेटवरून दर मे महिन्यात जे महाभारत करतात त्यांनी १९५१ चा निकाल वाचावा. मँचेस्टरजवळच्या क्लबच्या मैदानातून मारलेला सिक्स सुमारे शंभर यार्ड लांब रस्त्यावर उभ्या बाईंना लागला. मैदानाला कुंपण होतं आणि तीस वर्षांत चेंडू रस्त्यावर गेला होता सहाएक वेळा. हाउस ऑफ लॉर्ड्सचे न्यायाधीश म्हणाले, शक्यता होती पण इतकी लहान की शहाण्या माणसाने सोडून दिली असती, क्लब जबाबदार नाही. आमच्या पार्किंगमध्ये चेंडू तीस मिनिटांत सहा वेळा काचेवर जातो, तेव्हा पोरांनो, हा निकाल तुमच्या कामाचा नाही.

डॉक्टरांसाठी चारचौघं म्हणजे चारचौघं डॉक्टर. आणि ह्यावरची आपल्या देशातली सगळ्यात जास्त वाचली जाणारी एक केस आपल्या कोकणातली आहे. ६ मे १९५३, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत, समुद्राच्या वाळूत एका वीस वर्षांच्या मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. बाज आणून घरी नेलं, गावातल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधल्या. पुढे टॅक्सीत आडवं ठेवून दोनशे मैलांचा प्रवास, रात्री एकला निघाले ते सकाळी साडेअकराला पुण्यात. इथल्या सर्जननी पूर्ण भूल न देता, फक्त मॉर्फिया ह्या वेदनाशामकाच्या आधारावर, तिघा माणसांना पाय ओढायला लावून हाड बसवलं. मुलगा त्याच रात्री नऊला गेला. वडील स्वतः डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस करायचे. त्यांनी दावा लावला आणि लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले ह्या नावाने तो सुप्रीम कोर्टात १९६८ मध्ये संपला, पंधरा वर्षांनी. कोर्टाने सांगितलं की डॉक्टरवर तीन टप्प्यांवर बंधन असतं, केस घ्यायची का हे ठरवताना, उपचार कोणते द्यायचे हे ठरवताना आणि ते देताना. सगळ्यात वरचं कौशल्य मागत नाही, पण अगदी खालचंही चालणार नाही. भरपाई ३,००० रुपये. तीन हजारांसाठी ते वडील पंधरा वर्षं कोर्टात गेले नसणार, हे सांगायला वकील लागत नाही.

पेशंट दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच, हे मात्र चूक. उपचाराच्या दोन मान्य पद्धती असतील आणि त्यातली एक निवडली, तर ती हयगय नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर साधी चूक पुरत नाही, हयगय फार मोठी, ढळढळीत हवी. दवाखाने फोडणाऱ्यांना हे कोण सांगणार.

कधीकधी चूक दाखवावी लागतच नाही, वस्तूच बोलते. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ मध्ये बाळंतपणानंतर एका बाईंचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, ताप हटेना, पोट पुन्हा उघडलं तर आत टॉवेल. काही दिवसांत त्या गेल्या. पोटात टॉवेल राहणं हे कुणाची तरी हयगय असल्याशिवाय होतच नाही, कुठल्या हाताने ठेवला हे नवऱ्याने शोधायची गरज नाही, सरकार जबाबदार, असा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला १९९६ मध्ये. तेहेतीस वर्षं! दिल्लीच्या चांदणी चौकातला ऐंशी वर्षांचा घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली त्यातही १९६६ मध्ये हेच झालं, त्या चुन्या-विटांचं आयुष्यच चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं होतं, तेव्हा तो का पडला हे महापालिकेने सांगावं. कुंड्या आपणहून उडी मारत नाहीत, हाही त्याच जातीचा मुद्दा.

तिसरी गोष्ट म्हणजे "त्यामुळेच झालं का". लंडनमध्ये तीन वॉचमन चहा पिऊन उलट्या करत दवाखान्यात आले, ड्युटीवरच्या डॉक्टरने न तपासता घरी जा, आपापल्या डॉक्टरला दाखवा असं सांगितलं. एक जण मेला, चहात आर्सेनिक होतं. डॉक्टरची हयगय सरळ दिसतेय, तरी दवाखाना सुटला, कारण तपासलं असतं तरी वेळेत उतारा मिळून तो वाचला नसता. वाचून राग येतो, पण तर्क पक्का आहे. हाच तर्क उलटा, आपल्या बाजूनेही चालतो. ट्रिपल सीट जाणाऱ्या बाइकला मागून कारने ठोकलं, मागे बसलेला तरुण गेला, हायकोर्टाने तुम्ही तिघे होतात म्हणून दहा टक्के भरपाई कापली. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते रद्द केलं. तिघे बसणं हा वाहतुकीचा गुन्हा असेल, पावती फाडा, पण तिसऱ्यामुळे तोल गेला किंवा जास्त लागलं असं दाखवल्याशिवाय पैसे कापता येणार नाहीत.

हे मला पाठ आहे कारण काकूंनी लगेच विचारलं होतं, "तुझी गाडी तुझ्या जागेवर कुठं होती गं?" नव्हती. मी व्हिजिटर पार्किंगमध्ये लावली होती. पण माझ्या गाडीमुळे कुंडी पडली नाही ना. तिथे पाहुण्याची गाडी असती तर तिच्यावर पडली असती. हां, त्यांनी आधी सांगितलं असतं की कुंड्या हलतायत, खाली लावू नको, आणि मी हट्टाने लावली असती, तर माझाही वाटा धरून रक्कम कापली गेली असती.

आणि झाड पडलं तर? राजकोटला रस्त्याकडेचं झाड पडून ऑफिसला चाललेला माणूस मेला, सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये महापालिकेला सोडलं, झाड पडेल असं आधी कळण्यासारखं काही नव्हतं म्हणून. मला तो निकाल पटलेला नाही. खड्ड्यांच्या बाबतीत मात्र मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळा सूर लावला, खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्या असा आदेश दिला. आणि धोकादायक कारखान्यांना तर "आम्ही काळजी घेतली होती" हे म्हणायची सोयच नाही. भोपाळनंतर वर्षभरात, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीत ओलियम वायू गळला, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असला धंदा करून नफा कमावता ना, मग अपघात झाला की चूक असो नसो, भरा.

पैसे किती हे कसं काढतात त्याचा एक हिशोब दाखवते, कारण अपघातात माणूस गेलेल्या घरातले लोक एजंटच्या नादी लागतात आणि त्यांना हा हिशोब कुणी सांगत नाही. समजा ३२ वर्षांचा माणूस, स्वतःचं गॅरेज, महिना २०,००० सुटत होते. वर्षाचे २,४०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळीस टक्के जास्त धरतात, झाले ३,३६,०००. घरात बायको, दोन मुलं, आई असे चौघं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा, उरले २,५२,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. वर अंत्यविधी, सहवास गमावणं वगैरेच्या ठरलेल्या रकमा. हे गणित सुप्रीम कोर्टाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांतलं, मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये रोज चालतं. कागद लागतात ते उत्पन्नाचे, वयाचे आणि पोलिसांचे, आणि उत्पन्नाचा कागद नसेल तर वीस हजाराचे दहा कधी होतात कळत नाही. चूक सिद्ध करायचं झंझट नको असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाखांची सोय आहे.

एक सांगायचं राहिलं, मुदत. बदनामी किंवा डांबून ठेवल्याचा दावा एका वर्षात लावावा लागतो, ग्राहक आयोगात डॉक्टरविरुद्ध जायचं तर दोन वर्षं. लोक तिसऱ्या वर्षी फाइल घेऊन येतात आणि मग मलाच वाईट वाटतं.

तर हे सगळं मी काकूंना जिन्यात उभं राहून सांगितलं, थोडक्यात. बिल झालं होतं २,३४० रुपये. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "बरं, आणि मी नाही दिले तर?" मी खरं ते सांगितलं. २,३४० रुपयांसाठी कोर्ट फी, नोटीस, आणि तारखा धरून चार-पाच वर्षं. म्हणूनच आपल्याकडे हा कायदा अपघात ट्रिब्युनल आणि ग्राहक आयोगात जिवंत आहे आणि जिन्यातल्या भांडणांत नुसता तोंडी लावायला. काकूंनी दोन हजार दिले आणि उरलेल्याबद्दल चिवडा. कुंड्या आता ग्रिलच्या आत आहेत, तारेने बांधलेल्या. तुळस सोडून, ती बाहेरच आहे, तिला ऊन लागतं म्हणे. मी गाडी माझ्या जागेवर लावते.